मुलगा रोज वीस मिनिटं वाचतो, पण विचारलं तर काहीच सांगता येत नाही? मग हे करून बघा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चौदा वर्षं झाली, पहिली ते चौथी सगळे वर्ग घेऊन झालेत आणि त्यातली बरीच वर्षं दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळलेत. त्यामुळे वाचनाचा विषय निघाला की नात्यातले सगळे मलाच फोन करतात, अगं आमचा वाचतच नाही काय करू. आणि मी पण मोठ्या तोंडाने सांगायचे, रोज वीस मिनिटं वाचायला बसवा, आपोआप येतं. मग आमचेच चिरंजीव तिसरीत गेले आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो मला माझ्याच स्वयंपाकघरात दिसला.

झालं असं की रोज संध्याकाळी साडेसातला मी मोबाईलवर वीस मिनिटांचा टायमर लावायचे, तो पुस्तक घेऊन ओट्याजवळ बसायचा, खडाखडा मोठ्याने वाचायचा, मी भाकरी थापता थापता ऐकायचे आणि मनातल्या मनात खूश. एक दिवस सहज विचारलं, काय होतं रे त्या गोष्टीत? म्हणाला, "एक ससा होता." बरं, पुढे? "पुढे... तो होता." टायमर वाजायला अजून चार मिनिटं आहेत हे मात्र त्याला बरोब्बर माहीत होतं.

म्हणजे तोंड वाचत होतं आणि डोकं टायमरवर होतं. त्यानंतर वर्षभर मी घरी आणि वर्गात जे जे करून बघितलं त्यातलं जे चाललं ते इथे लिहितेय, जे नाही चाललं ते पण सांगते.

आधी बघा गाडी नेमकी कुठे अडलीय

हे न बघता उपाय सुरू केले की सगळं वाया जातं. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर नावाच्या दोन संशोधकांनी एक साधी मांडणी केली, की वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, एक म्हणजे अक्षरं ओळखून शब्द वाचता येणं आणि दुसरी म्हणजे ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही चांगली असू दे, उत्तर शून्यच.

घरी तपासायला दहा मिनिटं पुरतात. मुलाने आधी न वाचलेले आठ-दहा ओळींचे दोन उतारे घ्या, शक्यतो एक इयत्ता खालचे. पहिला त्याला स्वतः वाचू दे आणि मग पुस्तक बंद करून काय झालं ते त्याच्या शब्दांत सांगू दे. दुसरा तुम्ही वाचून दाखवा, त्याने फक्त ऐकायचं, आणि परत तसंच सांगायचं. आता जर ऐकलेलं छान सांगितलं आणि स्वतः वाचलेलं सांगता आलं नाही तर त्याची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यातच संपतेय, अर्थापर्यंत पोचायला काही उरतच नाही. आणि जर ऐकलेलंही सांगता आलं नाही तर प्रश्न वाचनाचा नाहीच, शब्द कमी आहेत, विषयाची माहिती नाही किंवा लक्षच नाही. आमचा दुसऱ्या प्रकारातला निघाला, आणि मी वर्षभर पहिल्या प्रकारचं औषध देत होते.

एक सूचना. हे पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर करू नका. पहिली-दुसरीतली किती तरी मुलं धडा पाठ म्हणतात आणि आपल्याला वाटतं वाचतोय. संशय आला तर शेवटची ओळ आधी वाचायला सांगा, लगेच कळतं.

तुम्ही "असर"च्या बातम्या वाचल्या असतील, "प्रथम" नावाच्या संस्थेचं ते सर्वेक्षण, ज्यात गावोगाव घरी जाऊन एकेका मुलाला अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच ती दुसरीची गोष्ट नीट वाचता आली. आकडा वाईट आहेच, पण त्यात तपासलं जातं ते मुख्यतः वाचता येतं का, समजतं का हा पुढचा प्रश्न. म्हणजे माझ्या मुलासारखा खडाखडा वाचणारा त्यात पासच झाला असता.

वीस मिनिटांचं काय ते

हा वीस मिनिटांचा आकडा शाळांच्या पोस्टरवर सगळीकडे फिरतो. त्याच्या मागे बहुतेक वेळा १९८८ चा एक अमेरिकन अभ्यास सांगतात, पाचवीच्या १५५ मुलांनी शाळेबाहेर किती वाचलं त्याची नोंद ठेवली होती. सगळ्यांना क्रमाने लावलं तर मधोमध येणाऱ्या मुलाचं पुस्तकवाचन दिवसाला पाच मिनिटंसुद्धा नव्हतं आणि वरच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावरचं मूल एकवीस मिनिटांच्या आसपास वाचत होतं. झालं, लोकांनी धरलं की वीस मिनिटं वाचा आणि हुशार व्हा. पण जरा विचार करा, ज्याला वाचून कळतं त्याला मजा येते म्हणून तो जास्त वाचतो, हे पण खरंच आहे ना. नुसती मिनिटं मोजून तो मुलगा तसा होत नाही.

वेळ हवाच, रोज हवा, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या अनुभवाने पहिलीच्या मुलाला सलग दहा मिनिटं खूप झाली, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच केली तर अजून बरं. दुसरीला पंधरा. तिसरी-चौथीला वीस-पंचवीस, आणि त्या सगळ्यात तो एकटा वाचत बसलाय असं नको.

टायमर काढून टाका, घड्याळ त्याला दाखवूच नका. वेळ घड्याळाला न बांधता कशाला तरी बांधा. आमच्याकडे आता शुभंकरोती झालं की वाचन, मग जेवण. कुणाकडे रात्री अंथरूण घातल्यावर, कुणाकडे बाबा दुकानातून आल्यावर चहाच्या वेळी. फक्त होमवर्क संपल्यावर लगेच ठेवू नका, मुलाच्या डोक्यात ते होमवर्कचं शेपूट होऊन बसतं. आणि टीव्ही चालू असलेल्या खोलीत तर नकोच, सासूबाईंची मालिका चालू आणि हा वाचतोय, असं आम्ही पंधरा दिवस केलं, त्याला गोष्टीपेक्षा मालिकेतल्या सुनेचं नाव जास्त लक्षात राहिलं.

आमची वीस मिनिटं अशी असतात: पहिली पाच मी वाचते, त्याच्या पातळीपेक्षा थोडं अवघड, तो फक्त ऐकतो. मग आठ-दहा मिनिटं तो वाचतो, सोपं. मग पाच मिनिटं गप्पा. कधी कधी गप्पाच पंधरा मिनिटं होतात आणि वाचन दोन पानंच होतं, मी चालवून घेते.

अक्षरातच अडकत असेल तर

इथे मराठीचे स्वतःचे काही खड्डे आहेत. इंग्रजीवाले म्हणतात सव्वीस अक्षरं शिकवली की काम सुरू. आपल्याकडे बाराखडी, वर जोडाक्षरं, म्हणजे मुलाला डोळ्याने ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी होतात, आणि त्या पहिलीत संपत नाहीत, जोडाक्षरं तिसरी-चौथीपर्यंत पिकत जातात. म्हणून दुसरीतलं मूल जोडाक्षराला अडखळलं तर घाबरू नका.

सगळ्यात जास्त घोळ र चा. "सूर्य" मध्ये डोक्यावर, "चक्र" मध्ये पोटात, "राष्ट्र" मध्ये पायाशी, आणि "तऱ्हा" मध्ये चौथाच अवतार. मी फळ्यावर "दर्या" आणि "दऱ्या" शेजारी लिहिते, एकात होडी काढते एकात डोंगर, मुलं एकदम जागी होतात. दुसरं म्हणजे च आणि ज. "चहा" मधला च वेगळा, "चाक" मधला वेगळा, आणि लिहायला एकच. "हे जग" आणि "तू जग" हे दोन्ही मुलाला वाचायला लावा, त्याने चुकीचा ज लावला की तो स्वतःच थांबतो कारण अर्थ लागत नाही. हेच तर आपल्याला हवंय, अर्थ लागत नाही म्हणून थांबणं.

अडखळला की लगेच सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. तरी नाही आलं तर सरळ शब्द सांगून पुढे जा, "क ला काना, मात्रा" करत बसू नका, तोवर वाक्याची सुरुवात तो विसरतो. उतारा संपला की त्या शब्दाकडे परत या. आणि चुकला की पहिल्या सेकंदाला "अं हं" करायची जी सवय आपल्याला असते ना, ती जीभ दाताखाली धरून सोडायची. मला अजून पूर्ण सुटलेली नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एकच उतारा परत परत वाचण्याचा. आठ-दहा ओळी, सोमवार मंगळवार बुधवार तोच. पहिल्या दिवशी आधी तुम्ही हावभावासकट वाचायचं, मग त्याने. तिसऱ्या दिवशी आवाजात चढउतार येतो, प्रश्नचिन्हाला आवाज वर जातो, तिथे समजायचं की आता वाचतोय. मुलाला कंटाळा येतो का? उताऱ्यात संवाद असतील तर नाही येत, तो वाघ होतो तुम्ही शेळी व्हा.

वेगाबद्दल एक बोलते. २०२१ मध्ये निपुण भारत हे सरकारी अभियान सुरू झालं त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासकट वाचावेत असं लक्ष्य आहे. त्यातलं "अर्थासकट" सगळे विसरतात आणि पालकांच्या ग्रुपवर सुरू होतं, आमची नव्वद वाचते, तुमची किती. त्यात मराठी शब्द लांब. हिंदीत "बारिश में भी" तीन शब्द होतात, आपल्याकडे "पावसातसुद्धा" एकच. त्यामुळे आकडा घड्याळासारखा नका वापरू, महिन्यातून एकदा मोजा, मागच्या महिन्यापेक्षा सुधारलाय एवढं बघा आणि गप्प बसा.

वाचतो छान पण समजत नाही, तेव्हा

आता मुख्य गोष्ट. हा उतारा मी वर्गासाठी स्वतः लिहिलाय:

"सकाळी आजीने गच्चीवर पापड वाळत घातले. दुपारी आभाळ भरून आलं. गार वारा सुटला. आजीने हातातलं पुस्तक खाली टाकलं आणि धापा टाकत जिना चढू लागली."

चारच ओळी. तिसरीचा वर्ग, सगळ्यांनी छान वाचलं. मी विचारलं, पापड कुठे घातले होते? सगळे हात वर, गच्चीवर. आजीने काय खाली टाकलं? पुस्तक. शाब्बास. आजी जिना का चढली? शांतता. मग एक जण म्हणाला, "धापा टाकायला." दुसरी म्हणाली, "गार वारा खायला", हे उत्तर मला खरं तर आवडलं, निदान विचार तरी केला होता. पावसात पापड भिजतील हे त्या चार ओळींत कुठेच लिहिलेलं नाही, ते वाचणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून आणून मधल्या मोकळ्या जागेत ठेवायचं असतं. आणि आपण धड्याखाली जे प्रश्न विचारतो ते बहुतेक "पापड कुठे घातले होते" छापाचे, ओळ शोधायची आणि उतरवायची. मुलं त्यात इतकी तरबेज होतात की अर्थ न कळता दहापैकी आठ पाडतात.

म्हणून प्रश्न बदला. "समजलं का?" हा प्रश्न तर बंदच करा, त्याचं उत्तर "हो" असतं, कायम. त्याऐवजी का, कशावरून, तू असतास तर, आता पुढे काय होईल. त्यातला "कशावरून" माझा सगळ्यात लाडका. मुलगा म्हणाला आजी घाबरली होती, विचारा कशावरून? मग तो परत उताऱ्यात जातो, पुस्तक टाकलं, धापा टाकल्या, असं बोट ठेवून दाखवतो. हे बोट ठेवणं आलं ना की अर्धं काम झालं. पण प्रश्नांचा भडिमार नको, दोन पानांना दोन प्रश्न बास, नाहीतर ते वाचन राहत नाही, पोलीस चौकशी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः अडखळून दाखवा. मुलांना वाटतं मोठ्यांना सगळं पहिल्या फटक्यात कळतं. मी वाचता वाचता मुद्दाम थांबते, "थांब रे, हा कोण बोलतोय आता? मला नाही कळलं, मागची ओळ परत वाचते." पहिले काही दिवस तो माझ्याकडे बघत राहायचा, आईला येत नाही की काय. महिन्या-दीड महिन्याने एकदा तो वाचत होता, मी कांदा चिरत होते, आणि तो आपोआप थांबला, पान उलटं फिरवलं आणि पुटपुटला, "पण कुत्रा तर घरी होता ना?" लेखकाची चूक नव्हती, त्याचीच ओळ सुटली होती, पण मला तो वाक्यभर आवाज ऐकून जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

तिसरी गोष्ट, परत सांगणं, पण ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला. आई पुस्तक वाचून बसलेली, तिलाच काय सांगायचं, मुलांनाही ते खोटं वाटतं. आमच्याकडे माझ्या आईला गावी फोन लागतो, आठ वाजता. तिला खरंच माहीत नसतं त्यामुळे ती खरे प्रश्न विचारते, "अरे पण तो कोल्हा आला कुठून मधेच?" मग हा सांगतो, थांब थांब आजी मी ते सांगायचंच राहिलो, आणि गोष्ट पहिल्यापासून जुळवतो. घरात आजी-आजोबा असतील तर फोनचा खर्चही नाही.

शब्दांचं म्हणाल तर रोज दोनच शब्द धरा, जास्त नको. आणि अर्थ वहीत लिहून घेऊ नका, करून दाखवायला सांगा. "हिरमुसला", कर बघू तोंड. "लगबगीने", चालून दाखव बरं. "न्याहाळणे" ला आमच्याने आरशात स्वतःचा पडलेला दात न्याहाळला होता, तो शब्द आता मरेपर्यंत विसरत नाही.

माहिती नसेल तर वाचून तरी काय कळणार

हा भाग पालकांना पटत नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे वाक्य बघा: "खेळ संपायला तीन षटकं राहिली होती म्हणून कर्णधाराने नाईट वॉचमन पाठवला." क्रिकेट न बघणारी माझी एक मैत्रीण, एम.ए. झालेली, तिला वाटलं मैदानावर काठी घेऊन वॉचमन आला (दिवस संपत आला की चांगला फलंदाज वाचवायला आधी पाठवतात तो कच्चा फलंदाज म्हणजे नाईट वॉचमन). वाचता तर तिला येतच होतं की. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी हेच बेसबॉलवर तपासलं, सातवी-आठवीची ६४ मुलं, बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. विषय माहीत असेल तर कच्चा वाचणाराही पोचतो.

आणि माझ्या पापडाच्या उताऱ्यालाही हेच लागू आहे. आमच्या खान्देशात उन्हाळ्यात गच्चीगच्चीवर पापड आणि बिबडे दिसतात म्हणून निदान काही मुलांना सुचलं, आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मुलाने पापड फक्त पाकिटातून निघताना पाहिलेत, त्याला आजीची धावपळ कळणार कशी.

मग करायचं काय, तर रोज नवीन विषय न घेता आठवडाभर एकच विषय धरा. मुंग्या तर मुंग्या. सोमवारी मुंग्यांची गोष्ट, मंगळवारी मुंग्यांवर माहितीचं पान, बुधवारी अंगणात साखरेचा दाणा ठेवून बघायचं, गुरुवारी परत वाचन. तेच तेच शब्द, वारूळ, रांग, राणी मुंगी, फिरून फिरून येतात आणि शुक्रवारी अवघड पानही सोपं जातं. आणि वाचनाबाहेरच्या गप्पा मोजा. बाजारात, एसटीत, दळण आणताना. जात्यावर कसं दळायचे हे आजीने सांगितलेलं मूल तो शब्द पुस्तकात आला की अडखळत नाही.

घरची बोली वेगळी असेल तर

आमच्या शाळेत बऱ्याच घरांत अहिराणी, काही घरांत पावरी बोलतात. घरात मुलगा म्हणजे "आंडोर", आणि पुस्तकात तो "मुलगा", "बालक", मधेच "पुत्र". मुलाला वाचता येतं, भाषा परकी असते. सुरुवातीला मी पण प्रमाण मराठीतच उत्तर द्या म्हणून अडून बसायचे, मुलं गप्प. मग एक दिवस म्हटलं, घरी सांगता तसं सांगा, आणि जो मुलगा वर्षभर तोंड उघडत नव्हता त्याने पूर्ण गोष्ट अहिराणीत रंगवून सांगितली, मधला एकही प्रसंग न सोडता. समजलेलं होतं सगळं, सांगायला शब्द नव्हते. तेव्हा उत्तर बोलीत येऊ द्या, वऱ्हाडी असो मालवणी असो, मग तेच हळूहळू पुस्तकी मराठीत आणता येतं.

इंग्रजी माध्यमाच्या पालकांनाही हेच. मुलगा इंग्रजी पान वाचतो आणि काय वाचलं ते मराठीत नीट सांगतो, तर त्याला समजलंय, खूश व्हा. तिथे "इंग्लिशमध्ये सांग" म्हणून त्याचा फुगा फोडू नका. आणि परदेशातल्या मराठी घरांतली मुलं बोललेलं मराठी समजतात पण देवनागरीला अडतात, त्यांचा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे, अक्षरांचा, तिथे सोपे उतारे परत परत.

पुस्तकं कुठून आणायची

पैसे लागतातच असं नाही. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत, तिसरी-चौथीला उत्तम. लहानांना प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट, मराठी गोष्टी चित्रांसकट आणि पातळी लिहिलेली, मी त्यातल्या प्रिंट काढून वर्गात दोरीवर चिमट्यांनी लावते. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त आहेत. गावातलं सार्वजनिक वाचनालय, शाळेतलं कुलूपबंद कपाट (किल्ली मागा, बिनधास्त मागा), आणि रद्दीवाला. माझी निम्मी पुस्तकं रद्दीवाल्याकडची.

पातळी बघायला एक पान वाचायला द्या, प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट दुमडा, पानभरात पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवा. फोनवर वाचू द्यावं का, तर प्रिंट मिळत नसेल तर हो, पण फोन तुमच्या हातात.

शिक्षकांसाठी थोडंसं

शाळेत वाचनाचा तास म्हणजे बहुतेक वेळा "सगळ्यांनी पुस्तक उघडा, मनात वाचा, आवाज नको", आणि बाई वरून मागवलेली शाळेची माहिती भरत बसतात. मी पण भरलीय, ऑनलाईन माहिती काही संपत नाही. पण २००० साली अमेरिकेत नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीने शेकडो अभ्यास चाळले, तेव्हा कुणीतरी ऐकतंय आणि दुरुस्त करतंय असं मोठ्याने, परत परत केलेलं वाचन उपयोगी ठरलं, आणि नुसतं गप्प बसून वाचायला लावण्याने वाचन सुधारतं असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. त्याचा अर्थ मूकवाचन वाईट असा नाही, पण ज्याला येत नाही तो गप्प बसून पानं उलटतो एवढंच.

मी जोड्या लावते, एक जरा पुढचा आणि एक जरा मागचा, पण पहिला आणि शेवटचा अशी जोडी नाही, त्यात पहिला कंटाळतो आणि शेवटचा लाजतो. एकाने परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने एका वाक्यात काय झालं ते सांगायचं, मग उलट. मी तेवढ्या वेळात रोज तीन-चार मुलांजवळ बसून ऐकते, आठवड्यात वर्ग पूर्ण होतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आपण जोरात करतो, फोटो काढतो, तोरण लावतो. १६ ला कपाट परत बंद होतं, त्याचं मात्र मला वाईट वाटतं.

डॉक्टरला, तज्ज्ञाला दाखवायची वेळ कधी

आधी डोळे तपासा. खरंच. पुस्तक नाकाला लावणारं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल आळशी नसतं, त्याला दिसत नसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला चष्मा लागला आणि पुढच्या महिन्यात ती जोडाक्षरं वाचायला लागली, मी आधी सहा महिने तिला सराव देत होते. कानही बघा, सारखी सर्दी, कान वाहणं असेल तर. आणि दुसरी संपून गेली, रोज सराव आहे, तरी ब-व, घ-ध, भ-म यात गोंधळ, साधे शब्द रोज नवीन असल्यासारखे, पण बोलायला हुशार, गोष्ट ऐकून सगळं सांगतो, असं असेल तर डिस्लेक्सिया (हुशार असूनही अक्षरं वाचायला अडणं) आहे का ते तज्ज्ञाकडून तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी अध्ययन अक्षमता, म्हणजे शिकण्यातली अडचण, आलेली आहे, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. लोक काय म्हणतील म्हणून चौथी-पाचवीपर्यंत लपवत बसू नका, तेवढ्यात मुलाने स्वतःला ढ ठरवलेलं असतं.

आणि खाडे होणारच. लग्नसराई, गणपती, ताप, आईचा स्वतःचा मूड. आमचे मागच्या दिवाळीत सलग बारा दिवस बुडाले. तेराव्या दिवशी मी पुस्तक काढलं तर साहेबांनी तोंड वाकडं केलं, मग मी सरळ फराळाच्या डब्यावरची चिकटवलेली चिठ्ठी पुढे केली, सासूबाईंच्या हातची, "चकली. वरचा डबा पाहुण्यांचा. हात लावू नये." विचारलं, ही कुणासाठी लिहिलीय? त्याने वाचली, परत वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्यासाठी." कशावरून? "कारण बाबांचा हात वरच्या डब्यापर्यंत पोचतो पण ते विचारून घेतात."